एका माणसाचें एक वर्ष



मीं तीसांहून अधिक वर्षें मास्तरकी केली. शाळेची तपासणी असली म्हणजे तपासणीस साहेब एक प्रश्न हटकून विचारीत, या सत्रांत आपण किती वह्या तपासल्या? आंकडा मोठा असला कीं साहेबांची मुद्रा प्रसन्न होई. एखाद्या मुलाला अपूर्णांक उमगावे म्हणून अख्खी दुपार त्याच्याजवळ बसून घालविली, तर त्या दुपारची वही एकच. ज्या दुपारीं नुसत्या तांबड्या खुणा करीत सुटलों, त्या दुपारच्या वह्या चाळीस. दप्तरांत पहिली दुपार आळशी ठरे व दुसरी उद्योगी. बुद्धीनें करावयाच्या कामाचें माप कोणत्या फुटपट्टीनें घ्यावें, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत घर करून राहिला आहे.

निवृत्तीनंतर तो पुन्हां पुढें आला, तो आमच्या आळींतील तरुण मंडळींमुळें. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत संगणकाचें काम करणारा मुलगा, सून किंवा भाची आढळली नाहीं, असें आतां क्वचितच घडतें. या मंडळींच्या तोंडीं 'मॅन-मन्थ' हा शब्द वारंवार येतो. एका माणसाचा एक महिना, हें त्यांच्या धंद्याचें माप. कामाचा अंदाज याच मापानें करावयाचा, आणि गिऱ्हाइकाला किंमतहि पुष्कळदां याच हिशेबानें सांगावयाची. परवां आमच्या ओट्यावर त्यांच्यांत मोठा वाद जुंपला. प्रयोगशाळेंत दोघेचौघे मिळून जें उभें करतात, तें उभें करावयास मोठ्या कंपनीला शेंकडों माणसें कां लागावीं? कंपनीचीं माणसें मंद, कीं प्रयोगशाळेचीं माणसें अलौकिक? या वादाला इतिहास आहे. तो मुख्यतः १९६० ते १९७५ या काळांत अमेरिकेंत घडला, आणि तोच आज आपल्यापुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

आधीं दोन शब्दांचा खुलासा करतों. संगणक आपण होऊन कांहींच करीत नाहीं. त्याला प्रत्येक पाऊल सांगावें लागतें. या सूचनांची क्रमवार मांडणी म्हणजे आज्ञावली, आणि ती लिहिणारा तो प्रोग्रॅमर. सर्व आज्ञावल्यांत मुख्य असते ती ऑपरेटिंग सिस्टिम. मोठ्या वाड्यांतील कारभाऱ्याप्रमाणें ती यंत्राचा वेळ, त्याची स्मृति व त्याचीं साधनें इतर आज्ञावल्यांस वांटून देते आणि त्यांचे तंटे मिटविते. आजच्या हकीकती बहुतेक अशा कारभाऱ्यांच्याच आहेत.

पहिली हकीकत उद्योगाची. ७ एप्रिल १९६४ रोजीं आय. बी. एम. या कंपनीनें 'सिस्टिम ३६०' नांवाचें संगणकांचें एक कुटुंबच जाहीर केलें. त्यांत लहान यंत्रें होतीं, मोठींहि होतीं. पण एका यंत्रासाठीं लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावरहि चालावी, अशी त्यांतील नवी कल्पना होती. या यंत्रांसाठीं जो कारभारी लिहावयाचा त्याचें नांव ओएस/३६०, आणि त्या कामाचे प्रमुख होते फ्रेडरिक ब्रूक्स. ऐन भरांत या कामावर हजारांहून अधिक माणसें होतीं. त्यांत प्रोग्रॅमर तर होतेच, शिवाय माहितीपुस्तकें लिहिणारे, यंत्रचालक, कारकून व व्यवस्थापकहि होते. १९६३ ते १९६६ या काळांत त्यावर सुमारें ५,००० मनुष्यवर्षें खर्ची पडलीं, असा ब्रूक्स यांचा अंदाज. मनुष्यवर्ष म्हणजे एका माणसाचें एक वर्षाचें काम. एवढें होऊनहि कारभारी उशिरा आला, त्यानें ठरल्यापेक्षां अधिक स्मृति व्यापली, खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला, आणि पुढच्या कांहीं आवृत्त्या निघेपर्यंत त्याची चाल सुधारली नाहीं. हें सारें ब्रूक्स यांनींच मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे.

दुसरी हकीकत प्रयोगशाळेची. न्यू जर्सी संस्थानांतील मरे हिल येथें बेल टेलिफोन कंपनीची प्रख्यात संशोधनशाळा होती. तेथें १९६९ सालीं केन टॉम्प्सन या तरुणानें कोणी फारसें वापरीत नसलेला एक लहान संगणक हातीं घेतला. त्या उन्हाळ्यांत पत्नी लहान मुलाला घेऊन कांहीं आठवडे बाहेरगांवीं गेली असतां त्यानें कारभारी, आज्ञा ग्रहण करणारा भाग, मजकूर लिहिण्याचें साधन व यंत्रभाषेंत रूपांतर करणारें साधन अशा चार गोष्टींना एकेक आठवडा दिला, आणि युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया घातला. डेनिस रिची हा त्याचा या कामांतील जोडीदार. दोघांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें नमूद केलें आहे, कीं मुख्य आज्ञावल्यांवर २ मनुष्यवर्षांहूनहि कमी श्रम झाले, आणि ४०,००० डॉलर किंमतीच्या यंत्रावरहि त्या चालतात.

एकीकडे ५,००० मनुष्यवर्षें, दुसरीकडे दोनहि नाहींत. आमच्या ओट्यावरील एका तरुणानें हे आंकडे ऐकतांच निकाल देऊन टाकला, कीं कंपन्या म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. पण न्यायाधीशानें दोन्ही बाजूंचे कागद पाहिल्यावांचून निकाल देऊं नये. तेव्हां आपण कागद पाहूं.

पहिला कागद वचनाचा. ओएस/३६० नें कोणतें वचन दिलें होतें? लहानमोठ्या अनेक यंत्रांवर, निरनिराळ्या जोडसाहित्यासह, लेखकानें कधीं न पाहिलेल्या गिऱ्हाइकाच्या पेढींत किंवा कारखान्यांत आपण चालूं, असें. युनिक्सनें आरंभीं फक्त स्वतःच्या निर्मात्यांना व त्यांच्या शेजारच्या चार सोबत्यांना वचन दिलें होतें. एकानें स्वतःपुरती लिहिलेली आज्ञावली परक्याच्या हातीं देण्याजोगी करावयाची, म्हणजे ती हरप्रकारें पारखावयाची, तिचें माहितीपुस्तक लिहावयाचें व ती दुरुस्त करण्याची सोय ठेवावयाची, तर ब्रूक्स यांच्या अनुभवानें श्रम निदान तिप्पट होतात. ती इतर अनेक आज्ञावल्यांशीं सांधा जुळवून चालावी असें म्हटलें, तरीहि तिप्पट. दोन्ही गोष्टी हव्या असतील तर तीन त्रिक नऊ. घरीं चौघांपुरता स्वयंपाक करणारी गृहिणी आणि हजार पानांच्या पंक्तीचा आचारी यांची बरोबरी नुसत्या वेळावरून करूं नये, हें आपल्या घरांत कोणीहि सांगेल.

याच संबंधांत एक मौजेची गोष्ट आहे. युनिक्सच्या आधीं मल्टिक्स नांवाचा एक थोर प्रकल्प सुरू झाला होता. मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यापीठ एम. आय. टी., जनरल इलेक्ट्रिक कंपनी व बेल प्रयोगशाळा असे त्याचे तीन भागीदार. त्यावर काम करणाऱ्या टॉम व्हॅन व्ह्लेक यांनीं रिचीला सांगितलें, कीं आपण लिहितों त्या मजकुराचा निम्मा भाग कांहीं बिघडलें तर सांवरावें कसें, यासाठींच असतो. रिचीचें उत्तर अशा आशयाचें होतें, कीं तें सगळें आम्हीं गाळलें. मोठी चूक झाली कीं यंत्र थांबतें, आणि यंत्र पुन्हां चालू करा म्हणून आम्ही ओसरीवरून ओरडून सांगतों. निम्मे श्रम कसे वांचले हें यांत आलें. पण ज्याचा ग्राहक हजार मैलांवर आहे, त्यानें ओसरीवरून ओरडावें तरी कोणाला?

दुसरा कागद माणसांच्या संख्येचा. तीन माणसें एका कामावर असलीं, तर त्यांच्या जोड्या ३ होतात. दहा असतील तर ४५, शंभर असतील तर ४,९५०, आणि हजार असतील तर ४,९९,५००. यांतील प्रत्येक जोडीला बोलावें लागत नाहीं हें खरें. पण बुद्धीचें काम तोडून वांटलें, कीं एकाच्या तुकड्याचा दुसऱ्याच्या तुकड्याशीं मेळ घालण्यांतच दिवस जातो. म्हणून रेंगाळलेल्या कामावर ऐन वेळीं नवीं माणसें घातलीं तर तें आणखी रेंगाळतें, असा इशारा ब्रूक्स यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत दिला. जुन्या माणसांना आपलें काम सोडून नव्यांना शिकवीत बसावें लागतें. वर्षाच्या मध्यें दहा नवीं मुलें वर्गांत आलीं म्हणजे काय होतें, तें कोणत्याहि मास्तराला विचारा.

या दोन कागदांवरून एवढें ठरतें, कीं ५,००० व २ हे आंकडे एका तराजूंत घालावयाचे नव्हेत. मग उचित तुलना कोणती? तिसरा कागद तीच सांगतो, आणि माझ्या मतें या वादाचें मर्म त्यांतच आहे.

ज्याच्यावर परक्यांनीं विसंबावें, जें पारखून व लिहून काढून द्यावयाचें, असें एकाच जातीचें काम घेऊं. बेल कंपनीच्याच घरांत असें एक काम झालें. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनें चालणारें पहिलें मोठें टेलिफोन-केंद्र १९६५ सालीं न्यू जर्सींतील सकासुना गांवीं सुरू झालें. चाळीस वर्षांत सारें मिळून दोन तासांपलीकडे तें बंद राहूं नये, असें त्याचें उद्दिष्ट होतें! या केंद्राच्या आज्ञावल्यांचे प्रमुख जॉन हार यांनीं १९६९ सालीं हिशेब मांडला. यंत्राचा कारभार पाहणाऱ्या भागांत एका माणसाच्या एका वर्षांत सुमारें ६०० सूचना तयार झाल्या. एका भाषेंतून दुसरींत रूपांतर करणाऱ्या सोप्या भागांत सुमारें २,२००. ओएस/३६० वरचा हिशेब पहा. कारभाराच्या भागांत ६०० ते ८००, रूपांतराच्या भागांत २,००० ते ३,०००. कंपन्या दोन, कामें दोन, आणि आंकडे जवळजवळ जुळे.

बेल कंपनीच्या छपराखालीं एकीकडे वर्षाला ६०० सूचना लिहिणारीं माणसें आणि दुसरीकडे दोन वर्षांच्याहि आंत युनिक्स उभें करणारीं माणसें एकाच वेळीं नांदत होतीं, ही गोष्ट पुरेशी ध्यानांत घेतली जात नाहीं. पहिलीं मंद होतीं असें म्हणावयास आधार नाहीं. त्यांच्या चुकीनें एका गांवाचे टेलिफोन मुके झाले असते. दुसऱ्यांच्या चुकीनें शेजाऱ्याला एक हांक मारावी लागली असती.

आतां संशोधनाच्या बाजूचा आंकडा घेऊं. मल्टिक्सची कल्पना विद्यापीठांतली, तिचे धुरीण एम. आय. टी. चे प्राध्यापक फर्नांडो कोर्बाटो. पण हें काम युनिक्ससारखें दोघांचें नव्हतें. तें प्रचंड होतें, आणि परक्यांनीं वापरावें यासाठीं होतें. त्यांचा हिशेब निघाला एका माणसामागें वर्षाला सुमारें १,२०० ओळी. म्हणजे कारभाराच्या ६०० आणि रूपांतराच्या २,२०० यांच्या दरम्यान! काम त्याच जातीचें असलें, कीं विद्यापीठाचा विद्वान आणि कंपनीचा नोकर एकाच गतीनें लिहितात, असाच याचा अर्थ.

मात्र ब्रूक्स यांची नजर त्याच आंकड्यांतील दुसऱ्या एका गोष्टीवर गेली. कंपन्यांचे आंकडे यंत्राच्या भाषेजवळच्या बारीक सूचनांचे होते. मल्टिक्सच्या लेखकांनीं मात्र माणसाच्या विचाराशीं अधिक जवळची अशी एक उच्च पातळीची भाषा वापरली होती, आणि तिच्या एका ओळींत हातानें लिहिलेल्या तीन ते पांच सूचनांचें काम भागे. ओळी सारख्याच, परंतु प्रत्येक ओळीचें वजन तिपटी-पांचपटीनें अधिक. संशोधनाच्या बाजूची खरी आघाडी होती ती येथें. तेथील माणसें अधिक वेगानें धांवत नव्हतीं. त्यांनीं अधिक लांब पाऊल टाकणारें साधन स्वीकारलें होतें. आणि असें साधन एकदां सिद्ध झालें, कीं तें उद्योगालाहि खुलें होतें. पुढें १९७३ सालीं युनिक्सहि रिचीनें रचलेल्या 'सी' या भाषेंत नव्यानें लिहिलें गेलें, आणि तीच भाषा जगभर कंपन्यांच्या हातीं गेली.

व्यक्तिव्यक्तींत भेद नसतो असें मात्र मी म्हणत नाहीं. कॅलिफोर्नियांत सॅकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अनुभवी १२ प्रोग्रॅमरांची परीक्षा घेतली, व ती १९६८ सालीं प्रसिद्ध केली. संगणक वापरण्याच्या दोन रीतींपैकीं कोणती बरी, हें त्यांना पहावयाचें होतें. पण माणसामाणसांतील अंतरच इतकें निघालें, कीं रीतींतील अंतर त्यांत बुडून गेलें. एका उदाहरणांतील चुका काढावयास सर्वांत मंद माणसाला सर्वांत चपळ माणसाच्या २८ पट वेळ लागला. पुढें चिकित्सकांनीं दाखविलें, कीं यांत रीत व भाषा वेगळी असलेलीं माणसें एकत्र मोजलीं गेलीं होतीं. तेव्हां खरें अंतर बरेंच कमी. तरी तें लहान नव्हे. हुशार व सामान्य माणसें दोन्ही घरांत असतात. फक्त प्रयोगशाळेला निवडक दोघांवर भागवितां येतें, हजारांची भरती करणाऱ्याला तें कसें साधावें?

आणखी एक कागद राहिला, तो लपलेल्या खर्चाचा. टॉम्प्सन व रिची मल्टिक्सवर कित्येक वर्षें घासूनपुसून तयार झाले होते. १९६९ सालीं बेल कंपनीनें त्या प्रकल्पांतून अंग काढून घेतलें, तेव्हां त्यांच्या हातीं मोठी सिस्टिम कांहीं राहिली नाहीं. डोक्यांत मात्र सारा अनुभव राहिला. त्या शिक्षणाची फी युनिक्सच्या दोन मनुष्यवर्षांत कोठें धरली आहे? नंतरचा खर्चहि तसाच. टेलिफोन कंपनीला १९५६ सालच्या न्यायालयीन तडजोडीमुळें संगणकाच्या धंद्यांत पडण्याची मोकळीक नव्हती; त्यामुळें युनिक्स अल्प शुल्क घेऊन विद्यापीठांना दिलें गेलें. बर्कले येथील विद्यापीठानें व पुढें अनेक कंपन्यांनीं त्यावर जे श्रम केले, त्यांनींच तें परक्याच्या हातीं देण्याजोगें झालें. म्हणजे नऊपट काम टळलें नव्हतें; तें इतरांच्या खात्यावर पडलें, एवढेंच. मल्टिक्सची तरी संभावना अपयशी म्हणून कां करावी? तें १९६९ च्या ऑक्टोबरांत एम. आय. टी. मध्यें सर्वांच्या वापरास खुलें झालें, आणि त्याचें शेवटचें यंत्र कॅनडांत ३० ऑक्टोबर २००० रोजीं बंद झालें. ज्या रोपट्याच्या बियांपासून दुसरें झाड वाढलें, त्या रोपट्याची किंमत फळें मोजून ठरवावयाची नसते.

मग ओळी मोजण्याची पद्धति टाकूनच द्यावी काय? अजिबात टाकतां येणार नाहीं. पैसे मोजणाऱ्याला अंदाज हवाच, आणि हार, कोर्बाटो व ब्रूक्स यांनीं हिशेब ठेविला नसता, तर आजचें हें भाषणहि झालें नसतें. पण हिशेब समजून घेण्यासाठीं ठेवणें वेगळें, आणि माणसाच्या लायकीवर शिक्का मारण्यासाठीं ठेवणें वेगळें. १९८२ च्या आरंभीं कॅलिफोर्नियांतील ॲपल कंपनींत व्यवस्थापकांनीं ठरविलें, कीं प्रत्येकानें आठवड्यांत किती ओळी लिहिल्या तें एका कागदावर भरून द्यावें. बिल ॲटकिन्सन या कुशल प्रोग्रॅमरानें त्या आठवड्यांत आपलें जुनें काम मुळापासून नव्यानें रचलें होतें. तें जवळजवळ सहापट वेगानें चालूं लागलें, आणि त्यांतील सुमारें २,००० ओळी कमी झाल्या होत्या. त्यानें रकान्यांत लिहिलें, उणें २,०००. त्याचा सहकारी सांगतो, कीं दोनचार आठवड्यांनीं व्यवस्थापकांनीं त्याच्याकडे तो कागद मागणें सोडून दिलें.

ही गोष्ट मीं ओट्यावर सांगितली, तेव्हां तरुण मंडळी खूप हंसली. त्यांतील एक मुलगी मात्र हंसली नाहीं. ती म्हणाली, "गुरुजी, आमच्याकडे अजून तो रकाना आहे, आणि त्यांत उणें लिहिलें तर वर्षाच्या शेवटीं पगारवाढींतहि उणेंच येतें." मला एकदम ते तपासणीस साहेब आठवले, आणि अपूर्णांक न समजणारा तो मुलगाहि आठवला.

मीं तिला जें सांगितलें, तेंच आपल्यालाहि सांगतों. कोणाच्या कामाशीं कोणाचें काम ताडून पाहण्याचा प्रसंग आला, तर आधीं चार प्रश्न विचारावे. वचन कोणाला दिलें होतें? कितीजणांना एका सुरांत गावयाचें होतें? हातांत साधन कोणतें होतें? आणि जो खर्च या वहींत दिसत नाहीं, तो कोणाच्या वहींत आहे? या चारांचीं उत्तरें मिळाल्यावर जो फरक उरेल, तेवढाच माणसाच्या पदरीं घालावा. तो उरतो खरा. पण ५,००० आणि २ यांच्या मानानें फारच थोडा उरतो.

तो अपूर्णांकांचा मुलगा पुढें काय झाला, असें तिनें जातांना विचारलें. तो आज एका सहकारी पतपेढींत हिशेबनीस आहे. माझ्या त्या दुपारच्या रकान्यांत मात्र अजून एकच वही लिहिलेली आहे.